ज्या वर्षी वहीत नाव नाही

(शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी मंडपात झालेलं भाषण. बोललं तसंच लिहून घेतलं आहे.)

कमिटीनं आम्हाला सांगितलं, दिंडीला शंभर वर्षं झाली, तुम्ही जुने हात, दिंडीचा इतिहास सांगा. आमचं शिक्षण चौथी. चौथी झाली अन् वडिलांनी ढोरामागं धाडलं. त्यानंतर जे शिकलो ते पोथीत, फडावर अन् वावराच्या तासात शिकलो. तेव्हा इतिहास आम्हाला यायचा नाही. अन् हे कीर्तनही नाही. म्हणून आज अभंग लावला नाही, आज हिशेब लावला आहे. अभंग उद्या काल्याला ऐका.

स्मरणिकेचं काम निघालं तेव्हा देवळातल्या पेटीतल्या जुन्या वह्या आमच्याकडं आल्या. लाल फडक्यात बांधलेल्या. पहिली वही मोडीत, ती आम्हाला वाचता येईना, गुरुजींनी वाचून दाखवली. पुढच्या आम्ही वाचल्या. काय हाय त्या वह्यांत? दर वर्षी कोण चाललं त्याचं नाव, गाव, अन् भिशी. आधी भिशी ज्वारीची, पायलीत. मग आण्यात, मग रुपयात. आम्ही कंदील नाही, पण बल्बाखाली पंधरा रात्री बसलो, अन् कोण किती वाऱ्या चालला त्याची यादी करायला लागलो. चाळीस वाऱ्या, बत्तीस वाऱ्या, असे आकडे.

चौथ्या-पाचव्या रात्री आमच्या मंडळीनं चहा आणून ठेवला अन् विचारलं, "कोण किती वेळा चालला हे लिहून राह्यले तुम्ही. मंग कोण कोणत्या वर्षी आला नाही, हे काहून नाही लिहीत?"

आम्ही गप्प झालो. दुसऱ्या रात्रीपासून वही उलटी वाचली. नाव कुठं हाय ते सोडलं, नाव कुठं नाही ते बघितलं. मायबापहो, शंभर वर्षांचा इतिहास आम्हाला तिथं दिसला. तोच सांगतो.

पहिली मोठी मोकळी जागा १९७२ ची अन् त्याच्या पुढच्या वर्षाची. दुष्काळ. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. आईबरोबर खडी फोडायला जात होतो. सुकडी खाल्ली, मिलो खाल्ला. दिंडीला त्या साली मोजून अकरा माणसं गेली, पताका खंडू नये म्हणून. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या साली नाव नाही ते कोणा एकाचं नाही, अख्ख्या गावाचं नाही. पाटील अन् सालदार एकाच रस्त्याच्या कामावर. कोणी कोणापासून तोंड लपवलं नाही. ते दिवस चांगले होते असं आम्ही म्हणत नाही. सालदार वर्षभर धान्यावर राबायचा, बायाबापड्या उपाशी निजायच्या. ते परत यावे असं कोणी मागू नये. पण संकट आलं ते सगळ्या गावावर दिसत होतं.

आता अलीकडच्या वह्या घ्या. पाऊस बरा, बाकीची दिंडी भरलेली, अन् मध्येच एक नाव नाही. पुढच्या साली दुसरं एक नाही. कोणी दोन वर्षांनी परत येतो. कोणी येतच नाही. आम्ही एकेक नावावर बोट ठेवून आठवलं: ह्या साली याच्या घरी काय झालं होतं? लेकीचं लग्न. बापाचं ऑपरेशन. बोअर कोरडा गेला. मक्त्याचं वावर बुडलं. बँकेचं थकलं. दहांतल्या आठ नावांमागं पैशाचंच कारण निघालं. अन् वहीत मात्र प्रत्येकापुढं लिहिलेलं, "प्रकृती बरी नाही".

आपला शेतकरी अडचणीत काहून येतो, याचा आम्ही आमच्या घरापासूनच हिशेब केला.

पहिली गोष्ट वावराची. आमच्या आजोबाचं बत्तीस एकर. चार लेकरं, आठ-आठ एकर झालं. आम्ही दोघं भाऊ, चार-चार एकर. आम्हाला दोन पोरं, उद्या दोन-दोन एकर. हे आमच्याच घरचं नाही. सरकारच्या कृषी गणनेत १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडं सरासरी ४.२८ हेक्टर होतं, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ ला ते १.३४ हेक्टरवर आलं, सव्वातीन एकर. वावर वाटलं गेलं, पण लग्न, दवाखाना, शिक्षण, ट्रॅक्टरचं भाडं हे काही वाटून कमी होत नाही.

दुसरी गोष्ट पिकाची. आपला वाशिम जिल्हा अकोल्यातून निघाला १ जुलै १९९८ ला. २०१८ मध्ये दिल्लीच्या नीती आयोगानं देशातल्या मागास जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद अन् आपला वाशिम. बहुतेक वावर कोरडवाहू. पैनगंगा, अरुणावती, अडाण आपल्याच मुलखातून जातात, पण पाणी पोचतं थोड्यांच्याच धुऱ्यापर्यंत. अन् आपण सगळे सोयाबीनवर. आधी ज्वारी, मूग, उडीद, तीळ, पऱ्हाटी, तूर असं सगळं पेरायचो. एक बुडलं तर दुसरं हात द्यायचं. ज्वारीचा कडबा ढोरांना व्हायचा. आता रोही अन् डुकरं ज्वारी ठेवत नाहीत, मजूर मिळत नाही, म्हणून सोयाबीन. शंभर दिवसांत हातात येतं, नगद होतं. पण सगळी अंडी एकाच टोपल्यात नाही, सगळं गावच एका टोपल्यात बसलं. २०२३ च्या भादव्यात पिवळा मोझॅक आला तेव्हा आठ दिवसांत शिवार पिवळं पडलं. शेंगा होत्या, आत दाणा नव्हता.

आता आमच्याच वहीतला २०२४ चा एक एकर ऐका. पोरांनो, मोबाईल बाहेर काढा अन् बेरीज करा. बियाणं ३,००० रुपये. खत १,८००. तणनाशक अन् फवारणी ३,५००. नांगरणी, वखरणी, पेरणी ३,०००. सोंगणी ४,०००. मळणी सहा क्विंटलची १,८००. गाडीभाडं, हमाली ७००. झाले १७,८००. माल झाला सहा क्विंटल. मोंढ्यात भाव मिळाला ४,०५०. आले २४,३००. हातात राहिले ६,५००. त्यात आमची, मंडळीची अन् पोराची मजुरी धरली नाही. चार एकराचे २६,०००. वर्षाचे! महिन्याला बावीसशे रुपयेही पडत नाहीत. दिल्लीचे सहा हजार अन् राज्याचे सहा हजार असे सन्मानाचे १२,००० येतात, ते ह्या कमाईच्या निम्म्याच्या जवळ जातात. मग घर कशावर चालतं? पोरगा रिसोडला गाडी चालवतो त्यावर. ही गतही आमची एकट्याची नाही. २०१८-१९ सालच्या सरकारी पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाला महिन्याला सरासरी १०,२१८ रुपये मिळत होते. त्यात पिकाचे ३,७९८ अन् मजुरीचे ४,०६३. म्हणजे शेतकरी म्हणायचं, अन् पोट भरायचं मजुरीनं.

त्या साली सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२. आम्हाला मिळाले ४,०५०. क्विंटलमागं ८४२ कमी. एकरी पाच हजाराच्या वर गेले. तुम्ही म्हणाल, सरकारी खरेदीला काहून नाही नेलं? नोंदणी करा, सातबाऱ्यावर ई-पीक पाहणी लागते, ओल बारा टक्क्याच्या आत पाहिजे. नंतर पंधरा टक्के केली, पण तोवर दिवाळी झाली. सोसायटीवाला दारात, कृषी केंद्रवाला दारात, किराणावाला दारात. ज्याच्या घरात धान्य ठेवायला जागा अन् चार महिने थांबायला पैसा, त्याला भाव. फेब्रुवारीत खरेदी बंद झाली तेव्हाही नोंदणी करून थांबलेले लोक बाकी होते. आठवा, २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं. पेपरात आलं. आमच्या घरात तेव्हा दाणा नव्हता. आम्ही आदल्या दिवाळीलाच चार हजारानं विकून मोकळे झालो होतो. भाव येतो, पण माल आपल्या हातातून गेल्यावर येतो.

काही कीर्तनकार सांगतात, हे प्रारब्ध हाय. आम्हीही सांगितलं हाय, खोटं कशाला बोलू. पण ४,८९२ चे ४,०५० होणं हे प्रारब्ध नाही. पांडुरंगावर त्याचं खापर फोडू नये.

तिसरी गोष्ट, ज्याच्या नावावर वावर नाही त्याची. आपल्या दिंडीत असे किती तरी हायेत. दोन एकर घरचं अन् चार-पाच एकर मक्त्यानं. मक्त्याला एकरी १०,००० द्या, अन् आता मघाचे ६,५०० आठवा. साडेतीन हजार घरचे घालावे लागले. बरं, मक्ता सगळा तोंडी. विदर्भात १९५८ चा कुळकायदा हाय, लिहून दिलं तर जमीन जाईल असं मालकाला भेव, म्हणून कागद नाही. कागद नाही म्हणून पीककर्ज नाही. विमा अन् नुकसानीची मदत निघाली तर सातबारा ज्याचा त्याच्या खात्यावर. राबला कोण अन् बुडाला कोण, हे सातबारा सांगत नाही.

कर्जमाफ्या झाल्या. २००६ साली पंतप्रधान विदर्भात आले, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम अन् वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज झालं. २००८ ला देशभर माफी, २०१७ ला दीड लाखापर्यंत, २०१९ ला दोन लाखापर्यंत. ज्यांचं खातं कोरं झालं त्यांना श्वास घेता आला, हे आम्ही मान्य करतो. पण माफी झाली बँकेच्या कर्जाला. हातउसन्याला नाही, कृषी केंद्राच्या उधारीला नाही, गावातल्या व्याजाच्या पैशाला नाही. अन् दर मार्चला आपण काय करतो? नवं-जुनं. चार दिवसांसाठी कोणाकडून तरी पैसे आणायचे, बँकेत भरायचे, नवं कर्ज उचलायचं, त्याचं त्याला द्यायचं. कागदावर आपण नियमित. त्या चार दिवसांचं व्याज मात्र वहीत कुठंच दिसत नाही.

चौथी गोष्ट आपल्या अब्रूची. ही सांगताना आमचंच नाव घ्यावं लागतं.

२००४ ची वही उघडा. आमचं नाव नाही. पुढं लिहिलेलं, "पाय दुखतो". पाय दुखत नव्हता, मायबापहो. त्या वैशाखात लेकीचं लग्न केलं. बाराशे पान उठलं. बँड, मंडप, आहेर, सगळं भावकीच्या बरोबरीनं. साठ हजार कमी पडले ते गावातूनच उचलले, शेकडा तीन रुपये महिना. महिन्याला अठराशे, वर्षाला २१,६०० नुसतं व्याज. अन् ज्याचे देणं होतं तो माणूस आपल्याच दिंडीत, आमच्याच ओळीत टाळ वाजवायचा. आज तो नाही, त्याचं वाईट बोलत नाही. पण त्याच्या शेजारी उभं राहून नाम घ्यायची आम्हाला लाज वाटली. म्हणून पाय दुखला. बैलजोडी विकली, तरी फेडायला चार वर्षं लागली. लेक सासरी सुखी हाय. ती एकदा म्हणाली, "बाबा, त्या बाराशे पानातलं एक तरी पान कोणाच्या ध्यानात हाय का?"

दुसरी जागा सांगतो अन् मग पुढं जातो. ही सांगताना आवाज बसला तर माफ करा. ज्यांच्या घरची ही गोष्ट, त्या घरच्या माउलीला विचारूनच बोलतो. ती म्हणाली, "नाव नका घेऊ. पण सांगा."

आमच्या ओळीत आमचे जोडीदार टाळकरी होते. सतरा वाऱ्या आम्ही खांद्याला खांदा लावून चाललो. त्यांचं दोन एकर घरचं, चार एकर मक्त्यानं. २०२३ ला मोझॅकनं दोन्ही वावरं गेली. मक्त्याच्या वावराचं जे काही आलं ते मालकाच्या नावावर. २०२४ ला दिंडी निघाली, त्यांच्या दारावरून गेली. ते दारात उभे होते. आमच्या हातात भिशीचे पाचशे रुपये ठेवले अन् म्हणाले, "बुवा, यंदा गुडघे दुखतात. माझं नाव सांगजा पांडुरंगाला." आम्ही म्हटलं, "तेल लावा, पुढच्या साली चला." अन् पुढं गेलो.

मायबापहो, वीस वर्षांपूर्वी हेच शब्द आम्ही बोललो होतो. पाय दुखतो. जगात दुसऱ्या कोणाला नाही तरी आम्हाला ते ओळखायला पाहिजे होतं. आम्ही नाही ओळखलं.

त्याच साली कोजागिरीला त्यांच्या गावात आमचं कीर्तन झालं. ते पुढंच बसले होते, टाळ घेऊन. आम्ही अडीच तास समाधानावर बोललो. धीर धरा, देव बघतो हाय, म्हणालो. लोकांनी माना डोलवल्या. त्यांनीही डोलवली. कीर्तन संपलं, आम्ही बुक्का लावला, नारळ घेतला, गाडीत बसलो. खाली उतरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "तुमचं कसं चाललं हाय?" एवढं विचारलं नाही. दिवाळी झाली अन् त्यांनी आपल्या हातानं जीव घालवला. बाकी काही सांगत नाही, सांगूही नये.

आता त्यांची माउली रोजानं निंदायला जाते. ते दोन एकर अजून सासऱ्याच्या नावावर. वारस नोंद कधी झालीच नव्हती. सरकारची एक लाखाची मदत असते, पण पात्र-अपात्र ठरवताना कर्ज बघतात, जमिनीचा कागद बघतात. नवरा गेल्याचं दुःख करावं की तलाठ्याकडं चकरा माराव्या, असं त्या बाईचं झालं. तिचं नाव आधीच सातबाऱ्यावर असतं तर? शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन करा म्हणून. आपण टाळ्या वाजवल्या अन् घरी गेलो. रुक्मिणीशिवाय विठोबाला हात जोडत नाही आपण, अन् सातबाऱ्यावर मात्र विठोबा एकटाच!

आता कोणी म्हणेल, बुवा, वारीत हा पैशाचा विषय कशाला? संतांचा अन् ह्याचा काय संबंध?

मग ऐका. तुकोबाराय देहूचे महाजन. घरी दुकान, सावकारी. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ पडला, दिवाळं निघालं, पहिली बायको अन्नावाचून गेली. अशा माणसानं काय केलं? सांगतात की घरातले कर्जाचे कागद काढले. भावाचा हिस्सा भावाला दिला, अन् आपल्या हिश्श्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. भजनाला बसायच्या आधी त्यांनी कुळांच्या मानेवरचं जू काढलं. दामाजीपंत मंगळवेढ्याचे. दुष्काळात लोक उपाशी मरताना बघून राजाची कोठारं उघडली, आपल्या मानेची पर्वा केली नाही. पंढरीचे भक्त म्हणून आपण त्यांची गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगतो, पण गोष्ट हाय धान्याची.

अन् लांब कशाला जाता, गाडगे महाराज आपल्या वऱ्हाडातले. २३ फेब्रुवारी १८७६ चा जन्म, शेंडगावचा. लहानपण मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला, मामाच्या घरी गेलं. मामाचं वावर सावकाराच्या कागदात कसं गेलं हे त्यांनी बघितलं. पुढं आयुष्यभर कीर्तनात तेच सांगितलं: कर्ज काढून सण करू नका, लग्नात पैसा उधळू नका, लेकरांना शिकवा. हातातलं खापर अन् झाडू, पण त्यांचं कीर्तन म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा हिशेबच होता. आम्ही त्यांच्या मुलखातले कीर्तनकार, अन् आम्ही समाधानावर अडीच तास बोलतो!

दिंडीत आपण काय करतो बघा. रात्री मुक्कामाला चोपदार डोकी मोजतो. एक कमी भरलं तर जेवणाच्या पंगती थांबतात, दोन पोरं बॅटरी घेऊन मागं जातात. कोणाला ताप आला, त्याचं ओझं दुसरा घेतो. कोणाजवळ पैसा किती, विचारत नाही, पंगत एकच. महिनाभर हे जमतं. अन् गावात परत आलो की प्रत्येकाचं वावर वेगळं, प्रत्येकाचं कर्ज वेगळं, अन् प्रत्येकाचं रडणं कवाडाच्या आत. उरलेले अकरा महिने आपण डोकी मोजत नाही. आम्हाला वाटतं, आपल्या शंभर वर्षांत हे एक काम राहून गेलं.

शताब्दीचा निधी जमला हाय. चांदीच्या मखराचा विचार निघाला हाय. ज्यांच्या मनात तो आला त्यांची भक्ती मोठी, आम्ही त्यांच्या पाया पडतो. पण आमचं मागणं दुसरं हाय. ते पाच गोष्टींचं.

पहिलं, बियाण्याची कोठी. सोयाबीनचं बियाणं सरळ वाणाचं असतं, घरचं चांगलं ठेवलेलं बी पेरता येतं. उन्हाळ्यात ओल्या पोत्यावर शंभर दाणे मोजून ठेवा, गुंडाळा, पाणी शिंपडत राहा, सत्तर किंवा जास्त उगवले तर बी चांगलं. दर घरानं सुगीला दहा किलो चांगलं बी देवळाच्या कोठीत टाकायचं. मिरगाआधी ज्याला गरज त्याला द्यायचं. सुगीला तेवढंच परत. सवाई नाही, दिडी नाही. एका एकराचे तीन हजार वाचले, म्हणजे तेवढी उधारी वाचली.

दुसरं, कागदाची एकादशी. महिन्याच्या एका एकादशीला भजन झाल्यावर शिकलेल्या पोट्ट्यांनी देवळात बसायचं. कोणाची ई-पीक पाहणी राहिली, कोणाची वारस नोंद, कोणाच्या बायकोचं नाव चढवायचं, कोणाचा विमा. पीक बुडालं तर कोणाला अन् कधी कळवायचं, हे म्हाताऱ्याला कोण सांगणार? व्याजाच्या पैशात कोणाचं वावर लिहून गेलं असेल तर २०१४ चा सावकारीचा कायदा हाय. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. मोबाईल सगळ्यांच्या हातात हाय, तो ह्यासाठीही काढा.

तिसरं, मक्त्याचा कागद. मालक अन् करणारा दोघांनी देवळात बसून लिहायचं: पीक बुडालं तर मक्ता किती सोडायचा, अन् मदत आली तर करणाऱ्याला किती द्यायची. कोर्टात चालो न चालो, पांडुरंगासमोर लिहिलेलं मोडायला माणूस दहा वेळा विचार करील.

चौथं, लग्न सप्ताहात. काल्याच्या पंगतीत लग्न लावायचं, जेवण सगळ्यांचं एकच. आमच्या नातीचं पहिलं लावू. हे आम्ही मंडळीला, पोराला अन् नातीला विचारूनच बोलतो.

अन् पाचवं, सगळ्यांत सोपं अन् सगळ्यांत अवघड. वहीत एक नवा रकाना. ज्याचं नाव यंदा नाही, त्याच्या घरी दिंडी निघायच्या आधी दोन माणसं जातील. एक बाप्या अन् एक बाई, कारण घरातलं खरं दुःख बायांना बायाच सांगतात. चहा प्यायचा, बसायचं, अन् पाय दुखतो म्हणाला तर लगेच उठायचं नाही. पुन्हा विचारायचं, "पायच दुखतो ना?" त्याला एकटं वाटत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच्याजवळ बसून १४४१६ लावायचा. सरकारचा टेली मानसचा नंबर हाय, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. अन् फोन ठेवल्यावर आपण तिथून उठायचं नाही.

एवढ्यानं सोयाबीनला भाव येणार नाही, हे आम्हाला कळतं. भाव मागायला मोर्चा लागेल तिथं मोर्चा काढा, मत लागेल तिथं मत द्या, टाळ घेऊन आम्हीही येतो. सरकारचं काम सरकारनं करावं. पण ते होईपर्यंत आपलं माणूस आपल्या ओळीतून गळू नये, एवढं आपल्या हातात हाय.

काल रात्री आम्ही यंदाची वही आखली. नाव, गाव, भिशी, अन् चौथा रकाना, "कोण भेटून आलं". पहिल्या ओळीत त्या टाळकऱ्याच्या माउलीचं नाव लिहिलं हाय. तिला आम्ही अन् आमची मंडळी भेटून आलो. ती म्हणाली, निंदण सोडून येता येणार नाही, रोज बुडतो. तेव्हा मायबापहो, तिचा महिन्याचा रोज कोण देतं, ते इथंच ठरवा अन् मग उठा. पहिला आठवडा आमच्याकडं लिहून घ्या.

आमचं काही चुकलं असेल तर पदरात घ्या.

रामकृष्ण हरी!